समुपदेशन कोणत्या मुलांपर्यंत पोचत नाही, हे आकड्यांतून कसं शोधायचं

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. पट शंभरच्या आत असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. सूचना चांगलीच आहे. पण महाराष्ट्रात शंभरच्या आत पट असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक कुठे आहेत? वाड्यावस्त्यांवर, पाड्यांवर, डोंगरात. म्हणजे समुपदेशक आधी मिळणार शहराला नि मोठ्या गावाला, आणि जिथून तालुक्याला जाऊन यायला दिवस मोडतो तिथे मिळणार फक्त एक फोन नंबर. आणि जिथे समुपदेशक आहे, तिथेही त्याच्या खोलीपर्यंत कोण पोचतं आणि कोण नाही, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आकड्यांनी सोडवता येतो, पण वर पाठवल्या जाणाऱ्या एकूण बेरजेने नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला (२०१५-१६) एक आकडा आपल्याकडे सर्रास वापरला जातो: १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. पण त्यावरून मूल आश्रमशाळेतलं होतं की शहरातल्या क्लासमधलं, घरी कोणती भाषा बोलत होतं, यातलं काहीच कळत नाही. मोठे आकडे विषय किती गंभीर आहे ते सांगतात. आपल्या शाळेत कोण सुटतंय ते शाळेलाच मोजावं लागतं.

हे लिखाण मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (जवळपासच्या शाळांच्या समूहावर देखरेख करणारे), समुपदेशक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी आहे. लागणारी साधनं म्हणजे हजेरीपट, जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश-नोंदवही), एक एक्सेल शीट आणि महिन्याला दोन-तीन तास.

प्रश्नावली नंतर, हजेरीपट आधी

बहुतेक ठिकाणी सुरुवातच प्रश्नावलीने होते, आणि ती घाई असते. शाळेत आधीच असलेली माहिती कोणी त्या नजरेने वाचलेली नसते.

पहिला हजेरीपट. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. त्यांच्या १० टक्के, म्हणजे २० किंवा २२ दिवस गैरहजेरी, ही धोक्याची खूण धरतात. पण वर्ष संपल्यावर ती कळून उपयोग नाही. दर महिन्याच्या शेवटी, कामाचे २४ दिवस असतील तर तीन किंवा जास्त दिवस गैरहजर असलेल्यांची नावं वेगळी काढा. मग तारखा पाहा. सलग सहा दिवस गैरहजेरी बहुधा ताप, लग्न किंवा गावाला जाणं असते. तुटक-तुटक, दर आठवड्याला एखादा दिवस अशी गैरहजेरी वेगळं काही सांगते. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर मूल कामाला जातंय. ठरावीक तासिकेचा किंवा चाचणीचा दिवस असेल तर भीती आहे. आठवी-नववीच्या मुली दर महिन्याला दोन-तीन दिवस गायब असतील तर आधी स्वच्छतागृहात पाणी आहे का ते बघा. तिथे समुपदेशकापेक्षा प्लंबरची गरज जास्त असू शकते, आणि आकड्यांनी ते दाखवलं तर तेही मानसिक आरोग्याचंच काम झालं.

दुसरी नोंद वसतिगृहांतली आणि आश्रमशाळांतली: आजारी मुलांची नोंदवही. ताप नाही, जुलाब नाहीत, पण डोकं दुखतं, पोट दुखतं, छातीत धडधडतं, अशी तक्रार घेऊन तेच मूल महिन्यात तीन वेळा आलं असेल तर गोळी देऊन पाठवू नये, त्याचं नाव लिहून ठेवावं. जूनमध्ये पहिल्यांदा घर सोडल्यावर आणि दिवाळीची सुट्टी संपवून परत आल्यावर अशा नोंदी वाढतात. याच आठवड्यांत मुलं न सांगता घरी निघून जातात, म्हणून ती तारीखही नोंदवहीत हवी.

तिसरी नोंद बहुतेक शाळांत कागदावर नसतेच: कोणाला ओरडा बसला, कोणाच्या पालकांना बोलावलं, कोणाला 'दाखला घेऊन जा' असं सांगितलं. एका सत्रापुरती ती ठेवून बघा. समजा पटावर विमुक्त जाती-भटक्या जमातींची मुलं १५ टक्के आहेत. 'पालकांना बोलावलं' या यादीत ती ३० टक्के आणि समुपदेशकाकडे पाठवलेल्यांत ५ टक्के निघाली, तर अर्थ सरळ आहे: एकाच वागणुकीसाठी एका मुलाला मदत मिळतेय आणि दुसऱ्याला शिक्षा. पारधी वस्तीवरून येणाऱ्या मुलाची चिडचिड 'संस्कार नाहीत' या खात्यात जाते आणि बाजारपेठेतल्या घरच्या मुलाची 'टेन्शन' या खात्यात. कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा ही दोन टक्केवारींची तुलना जास्त बोलते. शिक्षकांच्या बैठकीत ती मांडायला धीर लागतो. कोणाचं नाव न घेता, फक्त दोन याद्या शेजारी ठेवून मांडावी.

गट कोणते पाडायचे

मुलगे-मुली आणि सामाजिक प्रवर्ग एवढ्यावर थांबलं तर बरंच निसटतं. जनरल रजिस्टर आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीतल्या विद्यार्थी-नोंदीतून प्रवर्ग, लिंग आणि दिव्यांगत्व मिळतं. तिथे न सापडणाऱ्या किंवा मोघम असलेल्या चार गोष्टी वर्गशिक्षकाने जूनमध्येच विचारून लिहाव्यात: घरात बोलली जाणारी भाषा, राहण्याची जागा (घर, वसतिगृह, नातेवाईक), येण्या-जाण्याचं साधन आणि वेळ, आणि वर्षात घरचे कामासाठी बाहेर जातात का व कोणत्या महिन्यांत.

'अनुसूचित जमाती' हा एकच रकाना ठेवणं ही सगळीकडे दिसणारी चूक. धारणी-चिखलदऱ्यातलं कोरकू मूल, धडगावचं पावरी बोलणारं मूल, भामरागडचं माडिया मूल आणि रायगडचं कातकरी मूल यांच्या अडचणी एका टक्केवारीत बसत नाहीत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमाती. त्यांची मुलं मोठ्या गटात मिसळली की गटाचा आकडा बरा दिसतो आणि ती दिसेनाशी होतात.

ऊसतोडीच्या पट्ट्यात, म्हणजे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या काही तालुक्यांत, स्थलांतर हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना. 'स्थलांतरित: हो/नाही' एवढं पुरत नाही. मूल आईबापाबरोबर फडावर जातं, हंगामी वसतिगृहात राहतं, की आजीजवळ मागे राहतं, या तीन वेगळ्या परिस्थिती आहेत. आजीजवळ राहिलेल्या मुलीवर धाकट्या भावंडांचं करायचं ओझं असतं. फडावरच्या मुलाची शाळाच तुटते. वसतिगृहातल्या मुलाला संध्याकाळचे तास खायला उठतात. तिघांना लागणारी मदत एक नाही.

प्रश्नावली घ्यायचीच असेल तर

शाळांसाठी दोन साधनं सोयीची. एक, जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्य सूची: गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पैकी, तिला ४ ने गुणलं की १०० पैकी गुण. पन्नासच्या खाली असलेल्या मुलाशी बोलायला हवं. दुसरं, एसडीक्यू म्हणजे बलस्थानं आणि अडचणींची प्रश्नावली. तिच्यात २५ विधानं आहेत आणि पाच-पाचांचे पाच गट: भावनिक त्रास, वर्तन, चंचलता, मित्रांशी जमणं, आणि इतरांना मदत करणं. शेवटचा गट अडचणींच्या बेरजेत धरत नाहीत, म्हणून एकूण गुण ० ते ४०. अकरा ते सतरा वर्षांची मुलं स्वतः भरू शकतात. लहानांसाठी पालक किंवा शिक्षक भरतात.

गुण देताना तीन ठिकाणी हमखास चुका होतात. एसडीक्यूमधली ७, ११, १४, २१ आणि २५ क्रमांकाची विधानं उलटी मोजायची असतात. एक्सेलमध्ये ते राहिलं की मित्र असलेलं, शहाणं मूल अडचणीत दिसतं. दुसरं, रिकामं सोडलेलं उत्तर शून्य धरलं जातं. पाचपैकी किमान तीन उत्तरं असतील तर त्या गटाची प्रमाणात बेरीज काढता येते, त्याहून कमी असतील तर तो गट 'अपूर्ण' लिहायचा. ज्यांना वाचायला जड जातं तीच मुलं रकाने रिकामे सोडतात, म्हणून शून्य धरणं म्हणजे त्यांनाच 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवणं. तिसरं, स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत २० पासून वर जास्त अडचण मानतात, शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावलीत १६ पासून. या सीमारेषा ब्रिटनमधल्या मुलांच्या गुणांवरून, साधारण वरची दहा टक्के वेगळी पडावीत अशा आखलेल्या आहेत. गुण म्हणजे निदान नव्हे, कोणाशी आधी बोलायचं याचा क्रम आहे. प्रश्नावलीवर स्वामित्वहक्क आहे. अधिकृत संकेतस्थळावर असेल तेच भाषांतर वापरायचं, आपल्या मनाने शब्द बदलायचे नाहीत.

आता हिशेब. समजा ५०० मुलं आहेत आणि त्यांतल्या ७ टक्क्यांना, म्हणजे ३५ जणांना, खरोखर मदतीची गरज आहे. चाचणी अशा शंभरातल्या ८० मुलांना पकडते आणि ज्यांना त्रास नाही अशा शंभरातल्या ८५ जणांना बरोबर सोडते असं धरू. ३५ पैकी २८ सापडतील. उरलेल्या ४६५ पैकी सुमारे ७० जण विनाकारण यादीत येतील. यादी झाली ९८ जणांची. प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचं तर ४९ तास. समुपदेशक दिवसाला पाच तास देऊ शकत असेल तर दहा दिवस. म्हणून अख्ख्या शाळेची प्रश्नावली एकाच दिवशी घेऊ नये. एक वर्ग घ्या, त्याची यादी संपवा, मग पुढचा. भरलेले कागद महिनाभर कपाटात पडून राहणं हा मुलांचा विश्वासघात आहे. मुलाने पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलेलं असतं.

शिक्षकांनी सुचवलेली नावं आणि मुलांनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांतून आलेली नावं, दोन्ही याद्या ठेवा. शिक्षकांच्या यादीत दंगा करणारे मुलगे जास्त असतात. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या, वही नीट ठेवणाऱ्या मुली तिथे क्वचित दिसतात, त्या स्वतःच्या उत्तरांतून सापडतात. आणि 'लक्ष देत नाही' म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची आधी नजर आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ही नावं त्यांच्यासाठी तयार असावीत.

प्रश्नावली कशी घेतली जाते यातही अन्याय शिरतो. पालकांच्या मोबाइलवर गूगल फॉर्म पाठवला की फोन नसलेलं घर गळतं, आणि फोन असलेल्या घरातलं मूल वडिलांसमोर बसून उत्तर देतं. वर्गात एका बाकावर दोघं बसली की शेजारच्याचं पाहून खूण होते. वर्गशिक्षक रांगांतून फिरत असतील तर सगळं छानच असतं. म्हणून एका बाकावर एक मूल, प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणारी व्यक्ती वर्गाला न शिकवणारी, आणि ज्यांची घरची भाषा मराठी नाही त्यांच्यासाठी ती भाषा बोलणारं माणूस. पाच-सहा मुलांबरोबर आधी बसून 'तुला या वाक्यातून काय कळलं?' असं विचारून बघा. एखादा गट सगळीकडे मधल्याच पर्यायावर खूण करत असेल तर ती मुलं ठीक आहेत असं समजू नका. त्यांना प्रश्न पोचलेला नाही.

वेळापत्रकही बघावं लागतं. एसडीक्यू मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते आणि शिक्षकांना मूल ओळखीचं व्हायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून जुलैअखेर ते ऑगस्ट हा काळ बरा. दुसरी फेरी जानेवारीत घेण्याची पद्धत आहे. ऊसतोडीच्या भागात जानेवारीत घेतलेली फेरी म्हणजे गावात उरलेल्यांचीच मोजणी. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तिथे पहिली फेरी दसऱ्याच्या आधी संपवायची आणि दुसरी एप्रिलमध्ये, परत आलेली मुलं वर्गात बसल्यावर.

पालकांची संमतीही याच हिशेबाने. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आश्रमशाळेत पालक प्रवेशाच्या वेळी जूनमध्ये येतात, तेव्हाच समजावून सांगून सही किंवा अंगठा घ्या. अधीक्षक किंवा गृहपाल हे पालक नव्हेत. फडावर जाणाऱ्यांची संमती सप्टेंबरमध्ये. हे चुकलं की 'संमती नाही' या एका कारणाने नेमके तेच गट प्रश्नावलीतून गळतात. मुलालाही 'नको' म्हणायची मोकळीक हवी.

कोणत्या पायरीवर मूल गळतं

या सगळ्या कामाचा गाभा एकच तक्ता आहे. पटावरच्या मुलापासून तिसऱ्या भेटीपर्यंतच्या पायऱ्या आडव्या आणि गट उभे. खालचे आकडे नमुन्यादाखल, ४२० पटाच्या माध्यमिक शाळेचे.

| गट | पट | प्रश्नावली दिली | यादीत आले | बोलणं झालं | मदत हवी | पहिली भेट | तिसरी भेट |
|---|---|---|---|---|---|---|---|
| गावात राहणारी | २६० | २४७ | ३७ | ३५ | १२ | ११ | ९ |
| वसतिगृहातली | १०० | ९३ | १९ | १८ | ८ | ७ | ६ |
| एसटीने येणारी | ६० | ४१ | ८ | ५ | ३ | २ | ० |
| एकूण | ४२० | ३८१ | ६४ | ५८ | २३ | २० | १५ |

शेवटची ओळ पाहिली तर शाळेचं कौतुक करावंसं वाटेल: ९१ टक्के मुलांनी प्रश्नावली दिली, मदत हवी असलेल्या २३ पैकी २० जण समुपदेशकाला भेटले. अहवालात हीच ओळ जाते. आता तिसरी ओळ. साठपैकी १९ जणांना कोणी विचारलंच नाही. यादीत आलेल्या आठपैकी तिघांशी बोलणं झालं नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत एकही मूल पोचलेलं नाही.

एसटी बसने येणाऱ्या मुलांच्या मनात काही वेगळं आहे म्हणून असं झालेलं नाही. प्रश्नावली पहिल्या तासिकेला घेतली आणि सकाळची गाडी उशिरा आली. समुपदेशनाची वेळ शाळा सुटल्यावरची ठेवली आणि परतीची गाडी तेव्हाच सुटते. ती गेली की पुढची अंधारात, आणि मुलींना तर घरून परवानगीच नाही. प्रश्नावली तिसऱ्या तासिकेला आणि भेटी कार्यानुभवाच्या तासिकेला नेल्या तर दोन्ही अडथळे जातात, पैसा न लागता. खेळाच्या तासिकेतून मात्र मुलाला उठवू नये. ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी दिवसातला तोच मोकळा तास असतो.

तक्ता वाचताना प्रत्येक पायरीला मागच्या पायरीने भागा. कुठल्या दोन पायऱ्यांमध्ये एका गटाची घसरण बाकीच्यांपेक्षा जास्त आहे ते शोधा आणि तेवढ्याच जागी काम करा. प्रश्नावलीतच गळती असेल तर वेळ, भाषा किंवा संमती. यादीतून बोलण्यापर्यंत गळती असेल तर समुपदेशकाचे तास कमी पडतात किंवा वर्गातून नाव पुकारून बोलावलं जातं आणि मूल लाजेने येत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या भेटीच्या मधली गळती बहुतेक वेळा भाडं, मजुरी बुडणं किंवा घरच्यांचा 'येड लागलंय का' हा प्रश्न यांमुळे होते. जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या मुलाबरोबर आई किंवा बापाचा एक दिवसाचा रोज जातो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी मनोरुग्णालयं कुठे आहेत आणि मूल कुठे आहे, हे अंतरही रकान्यात लिहा. 'पालक सहकार्य करत नाहीत' हे वाक्य लिहिण्याआधी त्या दिवसाचा खर्च किती आला ते लिहा.

लहान आकडे आणि गुप्तता

गट लहान असतील तर टक्केवारी फसवते. आठपैकी दोन म्हणजे २५ टक्के, एक मूल वाढलं की साडेसदतीस. अशा गटासाठी तीन वर्षांचे आकडे एकत्र करा किंवा केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे मिळून पाहा. आणि आकडा लहान म्हणून गट वगळू नका. शाळेत दोनच कोलाम मुलं असतील तर टक्केवारी काढायचीच नाही, त्या दोघांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं.

बाहेर दाखवायच्या तक्त्यात दहापेक्षा कमी मुलांचा रकाना झाकावा. एकच रकाना झाकला तर एकूण बेरजेतून वजाबाकी करून तो उघड होतो, म्हणून सोबत दुसराही झाकावा लागतो. वरचा तक्ता शाळेच्या आतल्या तीन-चार जणांपुरताच. व्यवस्थापन समितीपुढे जाताना शेवटचे रकाने गाळायचे. नावांऐवजी क्रमांक वापरा, पण हजेरी क्रमांक नको, तो अख्ख्या वर्गाला पाठ असतो. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या कुलपात. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांची यादी टाकली की ती संध्याकाळपर्यंत गावात असते. प्रगतिपुस्तकात किंवा दाखल्यावर यातलं एक अक्षरही जाऊ नये.

पूर्ण गुप्ततेचं वचन मात्र मुलाला देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, आणि जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावंच लागतं. हे सुरुवातीलाच, मुलाला समजेल अशा भाषेत सांगायचं. स्वतःला इजा करण्याबद्दलचा प्रश्न प्रश्नावलीत असेल तर ते कागद त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी वाचून व्हायलाच हवेत. तसं उत्तर दिसलं तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, समुपदेशकाने त्याच दिवशी बोलायचं, पालकांना बोलावून घ्यायचं. धोका घरातूनच असेल तर आधी १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीला फोन. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. वसतिगृहात मुलांना फोन मिळत नसेल तर तो क्रमांक भिंतीवर लावून काही होत नाही, आठवड्यातून ठरलेल्या वेळी आडोशाला फोन करू द्यावा लागतो. ही तयारी नसेल तर तो प्रश्न विचारूच नये.

तास कसे वाटायचे

समजा एका समुपदेशकाकडे दोन शाळा आहेत. पहिली तालुक्याच्या गावातली, ६०० मुलांची, यादीत ८ टक्के. दुसरी आश्रमशाळा, ४५० मुलांची, यादीत १६ टक्के. पटावर वाटलं तर पहिल्या शाळेला ५७ टक्के वेळ मिळेल. गरजेवर मोजलं तर पहिल्या शाळेत ४८ आणि दुसरीत ७२ मुलं, म्हणजे ४० आणि ६० टक्के. जाण्या-येण्याचा वेळ यातून वजा करू नका, नाहीतर लांबच्या शाळेची भेट दर वेळी अर्धीच होते. दोन्हीकडे किती टक्के मुलांनी प्रश्नावली दिली तेही सोबत पाहा. जिथे निम्म्यांनीच दिली तिथली गरज कमी दिसते, असते असं नाही.

यादीतल्या मुलांची संख्या हे शाळेच्या कामगिरीचं मोजमाप करायचं नाही. केंद्रसंमेलनात 'तुमच्याकडे एवढी मुलं कशी?' असं एकदा विचारलं गेलं की पुढच्या वर्षी आकडा आपोआप खाली येतो आणि मुलं बोलायची बंद होतात. जिथे मुलांचा विश्वास बसतो तिथे पहिल्या वर्षी आकडा वाढणार. शाळांची तुलना करायची असेल तर गळतीची करा: यादीत आलेल्यांपैकी किती जणांशी चौदा दिवसांत बोलणं झालं, आणि ते सगळ्या गटांत सारखं झालं का.

हे सगळं जड वाटत असेल तर एका प्रश्नापासून सुरुवात करता येते. कोऱ्या चिठ्ठीवर, नाव न लिहिता: 'या शाळेत असं एक तरी मोठं माणूस आहे का, ज्याला तू तुझी अडचण सांगू शकतोस किंवा सांगू शकतेस?' हो किंवा नाही. चिठ्ठ्यांचे रंग गटांप्रमाणे वेगळे ठेवू नका, मुलांना लगेच कळतं. चिठ्ठीवरच इयत्ता, मुलगा की मुलगी, आणि घरी राहतोस की वसतिगृहात, एवढ्या तीन खुणा करू द्या. एखाद्या इयत्तेत वसतिगृहातल्या मुली दोन-तीनच असतील तर इयत्ता विचारूच नका, तीन खुणांवरूनही मूल ओळखू येतं. दहा मिनिटांचं काम. चिठ्ठ्या मोजताना वसतिगृहातल्या मुलींचे 'नाही' बाकीच्यांच्या दुप्पट निघाले तर पुढचा प्रश्न त्यांनाच विचारा: सहा-आठ जणींचा गट, ओळखीची बाई, शाळेतल्या हुद्द्याची कोणी नाही, आणि 'कोणाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं?' उत्तर बऱ्याचदा समुपदेशक नसतं. स्वयंपाकीण मावशी असतात, वरच्या वर्गातली ताई असते, खेळाचे सर असतात. सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) कोणाला घ्यायचं आणि मानसिक प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं, हे या उत्तरांवरून ठरवा.

महिनाभरात काय बदललं ते वर्गात जाऊन सांगा: तुम्ही म्हणालात म्हणून भेटीची वेळ बदलली, मावशींना प्रशिक्षणाला पाठवलं, फोनची वेळ ठरवली. जे जमलं नाही तेही कारणासकट सांगा. पुढच्या वेळी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच महिन्यात विचारा, म्हणजे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येतील.